मनाची शक्ती सांगणारा पाहुणा

२००३ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. ओतूरला आमच्या घरी रविवारची प्रार्थना होती. जावई पुण्याहून एक शिकलेला, चष्मेवाला उपदेशक घेऊन आला. माझ्या बायकोचा लकव्यानं लुळा पडलेला हात बघून तो म्हणाला, "मावशी, ख्रिस्त म्हणजे आपल्याच मनाची शक्ती. तुमचं मन कच्चं, म्हणून हात उठत नाही."

तिनं मान खाली घातली. असली गोडगोड भामटेगिरी ऐकून मला शिसारी आली.

मी म्हणालो, "पावणं, मग चष्मा काढा अन् मनानंच वाचा की बायबल!"

मंडळी हसली. आमच्यात उपदेशकाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. याला मी नुसतं पाणी पाजून वाटेला लावलं. पण बायको संध्याकाळच्या प्रार्थनेला बसेना. "माझंच मन कच्चं," एवढंच तिनं लावून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा लुळा हात मी माझ्या हातात घेतला आणि दोघांच्या वतीनं ख्रिस्ताला मोठ्यानं हाक मारली.