उताराखालचा भोंपू

सदर बाजारातल्या तमाम दुकानदारांना आपापल्या पायऱ्या उतरायला लावणारा माणूस नागपुरात एकच झाला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. खापरखेड्याच्या वीजघरातल्या अपघातात पाय गेले, तेव्हापासून तो हाताने चालवायच्या तीनचाकीवर फिरे. तिला त्याने जुन्या ट्रकचा रबरी भोंपू बसवला होता. दुकानासमोर यायचं आणि मालक खाली येईपर्यंत भोंपू दाबत राहायचं. कापडवाला खांद्यावर थान टाकून येई, न्हावी वस्तरा घेऊन येई. एकदा तर दातांचा डॉक्टर रोग्याला तोंड उघडं ठेवायला सांगून चिमट्यासकट रस्त्यावर आला. बनियनच्या मापापासून मूळव्याधीच्या मलमापर्यंत त्याचे सगळे व्यवहार भर रस्त्यात, खणखणीत आवाजात चालत. मी बरोबर असलो की मान खाली घालून पलीकडच्या पानठेल्यावर पळे. तो तिथेही गाठे. "ठेकेदार, लाजून काहून राहिला गा? पायऱ्या मी बांधल्या का? तुम्ही लोकांनी बांधल्या!"

टोमणा मलाच होता. मी उमरेडच्या विणकराचा पोरगा. मागावरून उठून घमेलं उचललं आणि भांडून, घासाघीस करून ठेकेदार झालो. सिमेंट परमिटवर मिळे त्या दिवसांत मैदानाच्या पक्क्या प्रेक्षक-गॅलरीचं काम मी ओढून आणलं. माल वर न्यायला मागच्या बाजूने मुरमाचा लांब उतार टाकला, आणि साडूला तो सापडला. रोज संध्याकाळी तो दातओठ खात तीनचाकी वर चढवी. घमेलीवाल्या बाया ढकलायला धावल्या की खेकसे, "हात नोका लावू वं! मले दम लागला की फक्त चाकामागं ईट ठेवा." वर पोचला की राजासारखा मैदान न्याहाळी आणि दिसेल त्याला सांगे, "साडूनं हा रस्ता माह्यासाठी बांधला!" ते ऐकून कामावर देखरेखीला येणाऱ्या सरकारी साहेबांनीही एकदा माझी पाठ थोपटली. फुकटचं कौतुक कोण परत करतं? मी नुसता हसलो.

उद्घाटनाला मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना ठरला. त्यात त्याची पोरगी होती. "मी एकदम वर बसतो, तू पळाली का भोंपू वाजवतो," असं त्याने तिला कबूल केलं. मग त्या घरात दुसरा विषय उरला नाही.

काम संपलं की परांची, उतार, सगळं मोडून जागा साफ करायची, ही आमच्या धंद्याची रीत. आदल्या दिवशी मुरूम ट्रकांत भरून शहराबाहेर वाडीच्या एका गोदामाच्या भरावाला गेला. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हार घालून पाहुण्यांत बसलो होतो. गॅलरीमागून भोंपू वाजला. मग पुन्हा वाजला. कापडवाल्याला बोलवावं तसा तो मला खाली बोलावत होता. साहेबांनी वळून विचारलं, "कोण आहे हो?"

"असेल एखादा ट्रकवाला," मी म्हणालो.

भोंपू थांबला. खेळ सुरू झाल्यावर मात्र लोक ओरडले की क्षणभर उशिरा भिंतीमागे वाजू लागला. दर वेळी पोरगी वरच्या रांगेकडे बघे. असंच बघताना ती बाद झाली.

संध्याकाळी मी खाली गेलो तो भांडणाच्या तयारीने. नकाशात उतार नव्हता. आणि मी कधी कबूल केलं होतं? सगळी उत्तरं तोंडात तयार. तो इस्त्रीच्या सदऱ्यात बसून भोंपूचं रबर फडक्याने पुसत होता.

"काही नाही गा," तो म्हणाला, "खाली आवाज चांगला येते."

माझा त्याच्यावर आजही राग आहे तो याचाच. अख्ख्या सदरशी भांडणारा माणूस माझ्याशीच काहून भांडला नाही? पुढे तो माझ्या ऑफिसखालून जाई, शेजारच्या कापडवाल्याला खाली बोलावी, हसे, बोले; माझ्या दारासमोर भोंपू दाबत नसे. मी खिडकीतून बघत राही.

आता तो नाही. तरी कधी खाली भोंपू वाजतो आणि मी चपला न घालताच पायऱ्या उतरून जातो. पाहतो तर खरंच एखादा ट्रकवाला असतो.