करंदी कोणाची कोण

मी शिकले कम्प्युटर. मासे मला फक्त ताटातले ठाऊक. तरी एका संशोधन संस्थेने किनाऱ्यावरच्या माशांच्या डेटाबेसचं काम मला दिलं आणि जेसल पार्कातल्या घरी बसून मी ते करू लागले.

जुन्या डेटाबेसमध्ये ठरलेले रकाने होते. काही नवीन कळलं की रकाना वाढवायचा, आणि तो वाढवला की आधीचं बिघडायचं. म्हणून मी ऑन्टॉलॉजी बांधायला घेतली. म्हणजे रकान्यांऐवजी नाती लिहायची: हा अमक्याचा प्रकार, हे तमक्याचं पिल्लू, हा याला खातो. एखादं नातं चुकलं तर तेवढंच बदलायचं, बाकीचं आपोआप जुळतं.

चुकलं ते माझंच. करंदी म्हणजे कोळंबीचं पिल्लू, असं मी बिनधास्त लिहून टाकलं होतं. त्यामुळे आमच्या नोंदींत लहान कोळंबी भरमसाठ दिसत होती आणि संस्थेतले आमचे प्रकल्पप्रमुख सर खूश होते.

माशांची स्थानिक नावं विचारायला मी पालीच्या कोळीवाड्यात जायचे. तिथे गल्लीच्या तोंडाशी मासे विकणारी एक बाई होती. पन्नाशीची, गळ्यात क्रॉस, बोलायला फटकळ. तिला मी मावशी म्हणायचे.

"ही कोळंबीची पिल्लं ना, मावशी?" मी करंदीच्या वाट्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कोन बोलला तुला?" तिने एक करंदी उचलून माझ्या तळहातावर उलटी ठेवली. "पोटाखाली बघ. काय हाय?"

"अंडी."

"मग? पिल्लाला अंडी व्हतात काय? ही येगळी जात हाय. ही एवढीच ऱ्हाते."

घरी येऊन ते एक नातं बदललं आणि सगळ्या नोंदी सरळ झाल्या. संस्थेत नमुने तपासले. मावशीचंच बरोबर निघालं. तिला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मग माझं नाव घालशील ना त्यात?"

"घालणार म्हणजे काय, घातलंच," मी म्हणाले. खरंच घातलं होतं. 'कोणी सांगितलं' असं नवीन नातं जोडून तिथे तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

सरांनी ते पाहिलं. "मासेवालीचं नाव सोर्स म्हणून? रिव्ह्यूअर हसतील आपल्याला. काढून टाक."

मी वाद घातला नाही. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं. एक नातं पुसायला किती वेळ लागतो? चूक ऑन्टॉलॉजीच्या तर्कातून सापडली, असं सरांनी संशोधनाच्या पेपरात लिहिलं. लेखकांत माझं नाव तिसरं होतं.

त्यानंतर पालीला गेले तेव्हा मावशीशेजारी तिची मुलगी बसली होती. नर्स आहे ती. "आईने सगळ्या गल्लीला सांगितलंय, कम्प्युटरात माझं नाव आहे म्हणून. दाखवा ना," ती म्हणाली. मी काहीतरी थातूरमातूर बोलले, पण तिने पेपराचं नाव विचारून आपल्याच फोनवर तो शोधला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आई, यात तू नाहीयेस. या आहेत."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मच्छी घेतेस काय?" तिने विचारलं. "न्हाय तर बाजूला हो. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

मी बाजूला झाले.

घरी येऊन सरांना मेल लिहिला, मावशीचं नाव परत घालू या म्हणून. डेटाबेसच्या पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती आली. तिच्यात दोन नवीन संस्थांची नावं होती, मावशीचं नव्हतं. तोवर माझं कॉन्ट्रॅक्टही संपलं आणि पासवर्ड बंद झाला. त्या डेटाबेसचं अजून कौतुक होतं, वाटेल ती नवीन माहिती सामावून घेतो म्हणून. मी पालीला पुन्हा गेले नाही.