आक्काने बंद केलेली लाईन

आमच्या आक्काला पाणी ऐकू यायचं. लालबागच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे येई. नळातून थेंब पडायच्या आधीच ती पाइपाला कान लावून बसे आणि म्हणे, "निघालंय. उठा मेल्यांनो." चाळ लहान, दुमजली, सगळी राजापूरकडच्या एकाच गावची माणसं. नळ एकच, अंगणात. त्या नळावर कोण आधी आणि कोण मागून, हे आक्का ठरवायची. नवरा गेल्यावर तिला दुसरं राज्य उरलं नव्हतं.

चाळीचा व्हॉल्व्ह रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी झाकणाखाली होता. त्याची लांब चावी आक्काच्या दाराआड उभी, म्हणून सगळे तिला चावीवाली आक्का म्हणत. मी तिच्या समोरच्या खोलीतला, वयानेही तिच्याहून मोठा, पण म्हणून रांगेत पुढे घेईल तर शपथ. एकदा म्हटलं, "आक्का, माझे गुडघे दुखतात." तर म्हणाली, "मग तेल चोळा भावजी. कळशी तुमच्या नंबरावरच भरणार." मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघर येते. तेव्हा गावच्या घराला कुलूप दिसता कामा नये, म्हणून चाळीतला झाडून सगळा माणूस गावी जातो. निघताना आक्का व्हॉल्व्ह बंद करायची आणि मगच गाडीत चढायची. कोणाची तोटी उघडी राहिली आणि पाणी वाहून गेलं, तर ते पाप आपल्या माथी, असा तिचा हिशेब. "पाणी झोपवून आले," म्हणायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

मग हायवेला जोडणाऱ्या उंच रस्त्याचं काम निघालं. त्याचे खांब आमच्या गल्लीच्या तोंडाशीच येणार होते. सरकारचा नियम असा, की रस्ता बांधण्याआधी जमिनीखालच्या सगळ्या लाइनी बघायच्या, पाण्याच्या, विजेच्या, गॅसच्या. जी चालू असेल ती रस्तेवाल्यांनी स्वतः बाजूला नवी टाकून द्यायची आणि नंतरच जुनी तोडायची. जी बंद, ती सरळ कापायची. मला लिहितावाचता बेताचंच येतं, पण नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

फक्त बघणारी माणसं आली ती शिमग्यात. आम्ही तिकडे ढोलामागे नाचत होतो. त्यांनी पहाटे पाण्याच्या वेळेलाच अंगणातला नळ सोडला, तो कोरडा. दारं वाजवली, तर सगळीकडे कुलपं. त्यांनी लाईन बंद धरली. कोणाची हरकत असेल तर मुदतीत सांगा, अशी नोटीस गेटावर लावून गेले. आम्ही परत येईपर्यंत तिच्यावर कुठल्याशा मंडळाचं पोस्टर चढलं होतं.

कळलं ते रस्त्यावर रंगाच्या खुणा पडल्या तेव्हा. खुणा करणाऱ्याने आक्काला सांगितलं, "मौसी, ये लाईन तो मरेली है." आक्का त्याच पावली साइटच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग.

साहेब तरुण होता, मराठीच. म्हणाला, "मावशी, नकाशावर लाईन बंद आहे."

"अरे लेकरा, मी बंद केली होती. आता चालू आहे. चल, दाखवते."

"मुदत गेली हो. आता फेरतपासणी करायची तर वरून मंजुरी पाहिजे."

"मग वर सांग."

दुसऱ्या दिवसापासून आक्का रोज आमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून न्यायची आणि त्याच्या टेबलावर ठेवायची. "आजचं," एवढंच बोलायची. तो ते प्यायचासुद्धा. त्याने वर लिहिलं होतं असं तो म्हणे, आणि मला ते खरं वाटतं. मंजुरी काही आली नाही. मशीन आलं.

पहाटेच्या पाळीत पाइप कापला तेव्हा पाणी माणसाच्या छातीएवढं उडालं. खड्ड्यातला कामगार भिजून ओरडला, "साहेब, ये तो चालू है." आक्का कडेला उभी होती, तिचं लुगडं ओलं झालं. साहेबाकडे बघून म्हणाली, "आता तरी लिही." तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, कापलेली लाईन सरकवता येत नाही. आता नवीन कनेक्शन मागायला लागेल." नवीन कनेक्शनला घरमालकाची सही लागते. त्याला चाळ रिकामीच हवी आहे, तो कशाला सही करतोय? लाकडी गुट्टा ठोकून त्यांनी पाइप बंद केला.

त्यानंतर टँकर. कधी येतो, कधी येत नाही. बिऱ्हाडं एकेक करून विरारला, दिव्याला गेली. खालच्या रमेशची बायको एकदा रांगेत बोलली, "कोणी सांगितलं होतं बंद करायला?" आक्का वर गॅलरीत होती, तिला ऐकू गेलं. त्या दिवसापासून ती टँकरवर उतरली नाही. मी माझ्यातली कळशी तिच्या दारात ठेवायचो. ती म्हणायची, "तुमचं कशाला, भावजी? तुमचे गुडघे बघा." त्यातलंही अर्धं तसंच ठेवायची. पाणी पिणंच तिने कमी केलं होतं. मी रागावलो तर म्हणाली, "तहान लागत नाही ओ हल्ली." डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं सुकली.

पुढच्या वर्षी वैशाखात आक्का गेली. टँकर त्या दिवशी आला नव्हता. शेवटची आंघोळ घालायची, आणि घरात पाणी नाही. सासरहून आलेली तिची लेक माझ्याकडे बघत राहिली. मी घंगाळ घेऊन गॅलरीत उभा राहिलो. एकेका दारातून माणसं आली. कोणी तांब्या ओतला, कोणी पातेलं. रमेशच्या बायकोने आख्खी कळशी आणली आणि तळापर्यंत रिकामी केली. रांग लागली नाही, आधी कोण आणि मागून कोण असं कोणी विचारलं नाही. आक्काला पोटभर पाण्याने न्हाऊ घातलं.

संध्याकाळी चाळीत कोणाकडेच भात शिजला नाही. बाहेरच्या लोकांना वाटलं सुतक पाळतात. पाणीच उरलं नव्हतं.