मावळतीचा तांबडा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल श्रीरामपूरहून येताना उसाचं पाचट जळल्याचा वास आला आणि राहवलं नाही.

त्या संध्याकाळी माझा मित्र याकोब ओट्यावर चहा पिता पिता उठला. "गुरुजी, आभाळ लईच तांबडं हाय. माझ्या वस्तीकडं पाचट तर पेटलं न्हाई?"

मी विज्ञानाचा मास्तर. हसलो. "मावळतीला प्रकाश जास्त हवेतून येतो. निळा वाटेत विखुरतो, तांबडा उरतो. बस निवांत."

तो बसला. तेवढ्या वेळात त्याचा गोठा जळाला. दोन्ही बैल दाव्याला होते. अजूनही मावळत तांबडी झाली की मला त्यांचं हंबरणं ऐकू येतं.

त्याने मला कधी बोल लावला नाही. त्याच्या दफनाला मी मूठभर माती टाकली, पण 'याकोब, माझं चुकलं' हे तेव्हाही ओठांबाहेर आलं नाही.