रिव्हर्स काढलेला गेअरबॉक्स

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी कधी बसा म्हटलं न्हाई. चौथी पास माणूस हाय, पण हाताला कळतं तेवढंच खरं मानायचं, हा माझा हिशेब. अजून बी तोच हाय. तरी हे लिहितोय, कारण सत्त्याण्णव सालचं एक कोडं मला सुटलेलं न्हाई.

मी न्हावऱ्याचा. माझ्याकडं मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकअप होती. सकाळी गावचं दूध घेऊन शिरूर गाठायचं. कॅन वर-खाली करायला धाकटा भाऊ दत्तू. एक दिवस गेअरबॉक्सच गेला... आतले दात झिजून भुगा झालेला. असल्या जुन्या गाडीचा बॉक्स मिळायचा तर दौंडला, रेल्वेलाईनच्या कडंच्या भंगारात. तिथल्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणायचे.

चाचानं दोन बॉक्स समोर ठेवले. एक तीन गेअरचा, सरकारी गाडीतून निघालेला. दुसरा चार गेअरचा. मी दोन्हीचे दांडे हातानं फिरवले, कान लावला, आतलं तेल बोटावर चोळून बघितलं. तीनवाला घरघरत होता आन् तेलात लोखंडाची कच लागली. चारवाला लोण्यासारखा फिरला.

"हा द्या," मी म्हटलं.

चाचा म्हणाला, "आप्पा, पहले सुन लो. इसमें रिव्हर्स नहीं है."

त्याच्या दुकानाचा एक नेम होता. ज्या गाडीखाली माणूस मेला, ती ज्या गेअरात होती तो गेअर चाचा स्वतः काढायचा आन् भीमेत टाकून यायचा. बाकीचा माल विकायचा, पण गिऱ्हाइकाला सांगूनच. हा चारवाला ज्या गाडीचा, तिच्या मालकानं भांडणात आपल्या भागीदाराला रिव्हर्स घेऊन भिंतीला चिरडलं होतं. पुढं घेऊन परत एकदा चिरडलं होतं.

दत्तू म्हणाला, "दादा, तीनवाला घे. गाडीला रिव्हर्स नको का?"

"तीन गेअरात शिरूरला जाईस्तोवर दूध नासंल. आन् मी काय मागं जाणारा माणूस हाय का?"

"मग मागं घ्यायची कशी?"

"तू हाय की ढकलायला."

तिथली माणसं हसली. दत्तू म्हणाला, "तुझ्या हट्टापायी मी बैल व्हायचं का?" चारचौघात उलटून बोलला म्हणून मी त्याच्या कानाखाली वाजवली. ओठ फुटला त्याचा. चाचानं नुसती मान फिरवली. मी चारवालाच उचलला.

शिरूरच्या विठ्ठल मिस्त्रीनं बॉक्स बसवला. आठ महिने गाडी पाण्यासारखी पळाली. मागं घ्यायची वेळ आली की दत्तू पुढून खांदा लावायचा. त्यात एक सोय झाली... गाडीच्या मागं उभं राहायला कुणाला भ्या न्हाई. मागं येतच न्हाई म्हणल्यावर! दत्तू तर मागच्या बंपरला टेकून बिडी प्यायचा.

त्या सकाळी ऊन चांगलं वर आलेलं. गाडीच्या मागं हातभर जागा सोडून आमच्या गोठ्याची दगडी भिंत. त्या मधल्या जागेत उभा राहून दत्तू गाडीचा मागचा फाळका लावत होता. म्हणाला, "दादा, आता दुसरा बॉक्स बघ. खांदा उचलंना माझा."

"बायकांवानी रडू नको."

"रडत न्हाई. उद्यापास्नं ढकलणार न्हाई, एवढंच सांगतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिव्या देतच गाडीत बसलो. इंजिन चालू केलं, पहिला गेअर टाकला... पहिलाच. हाताला कळतं. क्लच सोडला—

आन् गाडी मागं गेली.

दत्तूचा आवाज मी अजून ऐकतो. क्लच दाबला, ब्रेक दाबला, चावी बंद केली. इंजिन मेलं. तरी मागची चाकं माती उकरत भिंतीकडं रेटतच होती. उतार असंल म्हणाल, तर गोठ्याकडं उलट चढ होता. उडी मारून मी मागं गेलो. फाळका दत्तूच्या कमरेत रुतलेला, तोंडातून रक्त. पहार घातली, पहार वाकली. मग हातोडा घेऊन गाडीखाली घुसलो आन् त्या गेअरबॉक्सला जनावर मारावं तसा मारत सुटलो. कवच फुटलं, काळं तेल तोंडावर आलं, तवा कुठं चाकं थांबली. शेजाऱ्यांनी गाडी पुढं ढकलली. दत्तू चिंधीवानी खाली पडला.

तो जगला. कमरेची हाडं चार जागी मोडली होती. आता दोन काठ्यांवर चालतो.

गावात कुजबूज झाली... भांडण झालं आन् आप्पानं रिव्हर्स टाकला. चौकशीला आलेले पोलीस जमादार बी तेच म्हणाले. मी म्हटलं, बोलवा मिस्त्रीला, सगळ्यांदेखत खोला. विठ्ठलनं तो फुटका बॉक्स गोणपाटावर खोलला, एकेक गेअर काढून ठेवला. लिव्हर पहिल्यातच होता. आन् रिव्हर्सच्या गेअरची जागा मोकळी. नुसता रिकामा खड्डा, तेलानं भरलेला.

"आप्पा, ही गाडी मागं येऊच शकत न्हाई," मिस्त्री म्हणाला. लोक पांगले. मी छाती काढून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी दवाखान्यात दत्तूला सांगितलं, "बघ, गेअरच न्हाई आत. माझा दोष न्हाई."

तो छताकडं बघत होता. म्हणाला, "मी जमादाराला कायबी बोललो न्हाई, दादा. पण क्लच सोडताना तू आरशात माझ्याकडं बघत व्हतास."

बघत होतो. त्या क्षणी हा मेला तर बरं, असं मनात आलं होतं, हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय. पण गेअर मी पहिलाच टाकला होता. मग गाडी मागं कुणी घेतली, ते ना मिस्त्रीला सांगता आलं, ना चाचाला, ना मला.

त्या आरशाचं दत्तूनं परत कधी काढलं न्हाई. तवा तुझ्या मनात काय होतं, असं त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.