आधी धुवायची, मग लिहायची

जखम धुतल्याशिवाय ड्रेसरमामा तिच्याविषयी एक अक्षर लिहू देत नसत. परळच्या आमच्या इस्पितळात ते मलमपट्टी करत आणि मी शेजारी बसून रजिस्टर भरत असे. माणूस कितीही माखून येवो, मामा आधी कोमट पाण्यानं पुसून घेत. "बाय, आधी धुवची, मगे लिवची. रगत बघून लिवशीत तर फसशीत."

संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबाग पेटलं त्या दिवशी दुपारपर्यंत आमचा बाक खाकी कपड्यांनी भरला. माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी सकाळीच उचलून नेलं होतं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका हवालदाराची भुवई दगडानं फाटली होती. त्याची नोंद मी मुद्दाम केली नाही. एक पोलीस कमी झाला तर बिघडलं कुठे!

पण संध्याकाळी पट्ट्या आणि नोंदी ताडून पाहायची मामांची रीत. "भुवयवालो खंय गेलो गे?" मी रडले, भावाचं नाव घेतलं. मामांनी पाठीवर हात ठेवला, आणि टाक माझ्याच हातात दिला. मी भुवईची नोंद केली, पण मला त्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात एक अधिकारी जखमी पोलिसांची यादी घेऊन आला. एका शिपायाच्या टाचेला नव्या बुटांनी फोड आला होता, तो 'दगडाचा मार' म्हणून लिहा, असा त्याचा हट्ट.

"साहेब, फोड मी धुतलाय. दगड काय मोज्याच्या आतून लागलो?" मामा म्हणाले. नोकरी घालवीन, असं बजावून साहेब गेला.

पुढे भावावर खटला झाला तो त्याच शिपायाला दगड मारल्याचा. मामा भावाच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. सरकारी वकील गरजला, "तुम्ही चळवळवाले! पोलिसांच्या जखमा गाळल्यात!" मामांनी शांतपणे रजिस्टर पुढे सरकवलं. दगडानं फुटलेलं प्रत्येक डोकं त्यात होतं. वकिलानं हवालदाराची भुवई शोधली, तीही सापडली. मग टाचेच्या फोडाच्या नोंदीवर अविश्वास दाखवायला जागाच उरली नाही. भाऊ सुटला.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचे उपकार मी जन्मभर मानले, पण भावाला एक गोष्ट कधीच सांगू शकले नाही. त्या संध्याकाळी मामांनी माझे अश्रू मनावर घेतले असते, तर त्याला तुरुंगात मीच धाडलं असतं.