सोलापूरची सुकेळी

वसईतल्या फळझाडांना बोलता आलं असतं, तर त्यांनी पहिली तक्रार माझ्या खोलीतल्या मैत्रिणीविरुद्ध केली असती आणि दुसऱ्या दिवशी आपणहून मागेही घेतली असती. प्रवेशाच्या यादीने आम्हा दोघींना इथल्या कॉलेजात आणून टाकलं होतं आणि भुईगावात एका आंटींच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली, त्यामुळे फळ पिशवीतून येतं एवढंच मला ठाऊक. ती सोलापूरकडची. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या गावात बोर आणि बाभूळ सोडली तर सावलीसुद्धा शेजारच्या गावातून मागून आणावी लागे. अशी मुलगी भुईगावच्या फळझाडांच्या वाड्यांमध्ये आणून सोडल्यावर तिचं जे व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी सामान दारातच टाकून ती गल्लीभर फिरून आली आणि धापा टाकत म्हणाली, "अगं बया, हितली झाडं तर भिंतीवरनं वाकून बोलवायल्यात!"

त्या दिवसापासून तिची मान जी वर गेली ती वरच राहिली. नाक्यावरच्या क्रुसाच्या कठड्याला ती येता-जाता धडकायची आणि न चुकता "माफ करा" म्हणायची. तिच्या कॉलेजच्या पिशवीत तिखटमिठाची पुडी, एक बोथट सुरी आणि घडी केलेली जाळीची थैली यांचा मान पहिला, उरलेल्या जागेत पुस्तकं. महिन्यांची नावं ती विसरूनच गेली होती. परीक्षा कधी आहे विचारलं तर म्हणायची, "राय आवळं संपली की." फी कधी भरायची? "जांभळं लागायच्या आत." एकदा तोंडी परीक्षेला ती जांभळीखालून सरळ परीक्षकांसमोर जाऊन बसली. तिची जांभळी जीभ बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जांभळीचं झाड कुठे आहे हा, आणि तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तिने फार सविस्तर दिलं म्हणे.

पण विचारल्याशिवाय तिने कधी कुणाच्या फांदीला हात लावला नाही. तिची पद्धतच वेगळी होती. ज्या घरच्या चिंचेवर किंवा कैऱ्यांवर डोळा असेल त्या घरी जाऊन ती आधी एखादं भांडं उसनं मागायची. मग भांडं हातात असताना, सहज आठवल्यासारखं करून झाडाचं विचारायची. दोन दिवसांनी त्याच भांड्यातून त्याच झाडाचं काहीतरी शिजून घरमालकिणीकडे परत जायचं. लोकांच्या कैऱ्यांचा मेथांबा ती लोकांनाच खाऊ घालायची आणि वर त्यांच्याकडून कौतुक करून घ्यायची. आमच्या खोलीत एक शेगडी, एक कढई आणि एक पातेलं एवढाच संसार, त्यामुळे ही उसनी भांडी म्हणजे आमचं निम्मं स्वयंपाकघर होतं. बिंबलं घातलेलं आंबटढाण वरण, चिंचेच्या कोवळ्या पाल्याची चटणी, कच्च्या पपईची भाजी आणि तिच्या हातची ज्वारीची भाकरी यावर आम्ही ती वर्षं काढली. सांडोरच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने तिला केळफूल दिलं, तर ते सोलून त्याची भाजी घेऊन ती तिथवर चालत गेली. मी म्हटलं, "अगं, त्यांना काय केळफुलाचं नवल?" तर म्हणाली, "केळफुलाचं नसंल. कुणी करून आणल्याचं असतंय."

आमच्या आंटी विधवा, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना आंटी म्हणायचे, ती पहिल्या दिवसापासून मावशी. त्यांची एकुलती लेक परदेशात नर्स होती. ती चार वर्षांनी नाताळला घरी येणार असं कळलं, तेव्हापासून आंटींच्या चालण्यात फरक पडला. घराला रंग दिला, पडदे धुतले. माझ्या मैत्रिणीला तर त्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं, "वाडीतलं काय पाहिजे ते घेत जा बाय, मला विचारू नको." त्या भावाकडे चार दिवस राहायला गेल्या, आणि या मुलीच्या मनात आलं की मावशी येईपर्यंत आपण काहीतरी करून ठेवावं. विहिरीमागे केळीचा एक जाडजूड, हिरवागार लोंगर लटकत होता. एकेक केळं हातभर लांब. असली केळी तिने जन्मात पाहिली नव्हती. एवढी मोठी, एवढी टणक, म्हणजे ही भाजीचीच, असा तिने निवाडा केला. लोंगर उतरवला. भाजी केली, काप तळले, आणि सगळी उसनी भांडी भरभरून गल्लीत पोचती केली. मीही पोटभर खाल्ले. काप अप्रतिम झाले होते, हे आजही सांगते.

ती राजेळी केळी होती. वाडीतली शेवटची. आंटी ती पिकवून, सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करणार होत्या, कारण लेकीने फोनवर दुसरं काहीच मागितलं नव्हतं. हे आम्हाला आंटी परत आल्यावर कळलं. त्या विहिरीमागे गेल्या आणि तशाच परत आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून नुसतं म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं ना, विचारू नको म्हणून." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

माझी मैत्रीण त्या दिवशी जेवली नाही. झाडांशी गप्पा मारणारी ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "लेकीनं एवढं एकच मागितलं होतं गं. मी ते तळून खाल्लं." सकाळी उठून ती निघाली. ज्या ज्या दारी तिने भांडं मागितलं होतं त्या त्या दारी गेली, पण या वेळी राजेळीची चौकशी करत. आता कोण लावतं राजेळी, लोक म्हणत, आणि तिच्या हातावर दुसरंच काहीतरी ठेवत. ती ते नको म्हणायची. तिने फळ नाकारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी सांडोरच्या त्या केळफूलवाल्या बाबांकडे बांधाला एक लोंगर निघाला, जरा लहान, पण तयार. बाबा लगेच उठले. कोयता घेतला आणि कापून दिला. रिक्षात तो लोंगर तिने मांडीवर धरून आणला.

केळी पिकली, आणि मग अंगणात बांबूच्या मांचीवर ती सोललेली केळी मांडून ती शेजारी छत्री उघडून बसली. मांचीचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत, हातात कावळ्यांसाठी काठी, मांडीवर पुस्तक. दव पडायच्या आत सगळं उचलून खोलीत. आमच्या खाटेवर केळी झोपायची आणि आम्ही जमिनीवर. आंटी खिडकीतून बघायच्या. मग एका दुपारी पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अशी नाही गो, पालथी कर. खालून ओली राहतात." त्यानंतर दोघी मिळून कावळे हाकू लागल्या. हळूहळू केळी आक्रसून मधासारख्या रंगाची झाली, काही मात्र काळपट पडली. आंटींनी केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात त्यांच्या घट्ट पुड्या बांधल्या. ती मला हळूच म्हणाली, "थोडी आंबुसच झाल्यात. आता काय करू?" मी म्हटलं, "आता देवावर सोड." ती म्हणाली, "कुणाच्या, माझ्या का मावशींच्या?"

नाताळच्या आधी लेक आली. बॅगासुद्धा न उघडता आईने तिच्या हातावर सुकेळं ठेवलं. आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो, आणि माझ्या मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. लेकीने डोळे मिटून चावलं, पुन्हा चावलं. म्हणाली, "मम्मी, या वेळी थोडी आंबट लागतात."

आंटींनी एकदा आमच्याकडे पाहिलं. "लागणारच," त्या म्हणाल्या, "सोलापूरची आहेत." आणि मग त्या सगळं सांगत हसत सुटल्या. लेकीने बघता बघता अख्खी पुडी संपवली आणि वर कापांचीही मागणी केली.

शेवटची परीक्षा झाल्यावर निघताना आंटींनी तिला राजेळीचा एक मुनवा दिला, सांडोरहूनच मागवलेला. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं ते केळीचं रोप तिने बाळासारखं कडेवर घेऊन सोलापूरला नेलं. तिकडे केळ जगणार नाही असं तिच्या घरच्यांसकट सगळ्यांनी सांगितलं. तिने न्हाणीचं पाणी चर काढून केळीकडे वळवलं आणि ते सगळं ऐकून घेतलं.

मी नोकरीमुळे इथेच राहिले, आचोळ्यात. परवा तिचं यंदाचं पार्सल आलं. आत जुन्या साडीच्या तुकड्यात सोपटाच्या वेड्यावाकड्या पुड्या. निम्म्या घेऊन मी भुईगावला गेले. आंटी आता थकल्या आहेत, वाडीत फारसं काही लावत नाहीत. त्यांनी एक सुकेळं तोंडात टाकलं आणि बराच वेळ घोळवलं. "अजून आंबटच करते," म्हणाल्या, आणि दुसरं घेतलं. मी तिला फोन लावून दिला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "मावशी, नाक्यावरच्या चिंचेला औंदा चिंचा हायत का?" आंटी म्हणाल्या, "आहेत ना. पण भांडं मागायला कोणी येत नाही." मग त्यांनी फोन मला परत दिला. राहिलेल्या पुड्या आंटींनी कपाटात नीट ठेवल्या. "लेक येईल नाताळला," म्हणाल्या, "आता हीच मागते ती. सोलापूरची."

निघताना मला तिची फार, फार आठवण आली. गल्लीतून मी मान वर करून चालत होते, आणि चिंचेखाली पोचल्यावर नाक्यावरच्या क्रुसाच्या कठड्याला धडकले. "माफ करा," मी म्हणाले.